साक्षीदाराला बोलू द्या

गेल्या आषाढात आमच्या गावच्या वाचनालयात ओझू या जपानी दिग्दर्शकाचा 'टोकियो स्टोरी' दाखवला. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं गाव. बाहेर पाऊस पत्रे बडवतोय, आत प्लास्टिकच्या तीसेक खुर्च्या, भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर आणि तिच्यावर 1953 सालचं जपान. दोन तास सोळा मिनिटांनी दिवे लागले. कार्यक्रम ठरवणारे गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, कसा वाटला ते अगदी मोकळेपणानं सांगा. मागच्या रांगेतला बसचा एक निवृत्त कंडक्टर उठला. "बरो आसा," तो म्हणाला, "पूण बेगीन सोंपोवंक जाय आशिल्लो." बरा आहे, पण लवकर आटपायला हवा होता. खसखस पिकली. गृहस्थही हसले, आणि हसतहसतच त्यांनी सांगितलं की ओझू कळायला आधी सिनेमाची भाषा शिकावी लागते, नाहीतर असंच व्हायचं. कंडक्टर खाली बसला.

तेवढ्यावरून पेटलेला वाद अजून विझलेला नाही. सभामंडपात, चहाच्या दुकानात, वाचनालयाच्या ओट्यावर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, जे अभिजात ठरलं ते ठरलं. ते आवडलं नाही तर खोट पाहणाऱ्यात, आणि ज्यानं अभ्यास केला नाही त्यानं गप्प बसावं. दुसरा म्हणतो, प्रेक्षक मायबाप. त्याला कंटाळा आला म्हणजे चित्रपट वाईट, बाकी समीक्षक ही न कळलेलं कळल्यासारखं दाखवणारी जमात. (मायबाप म्हटलं म्हणून मायबापांचं दरवेळी बरोबरच असतं, हे कुठल्या घरात घडतं ते मला दाखवा.) मला दोन्ही तट चुकलेले वाटतात, आणि गंमत अशी की दोघांची चूक एकच आहे. कंडक्टर बोलला तो निकाल होता, असं दोघंही धरून चालले आहेत. एकांच्या मते निकाल द्यायचा त्याला अधिकार नाही, दुसऱ्यांच्या मते तोच शेवटचा निकाल. माझ्या मते ती साक्ष होती. आणि ती पुरती उतरवून घ्यायच्या आधीच आपण साक्षीदाराला पिंजऱ्यातून खाली उतरवलं.

माझी उभी नोकरी न्यायालयात गेली. कारकून म्हणून लागलो, अधीक्षक होऊन सुटलो; गावातली जुनी माणसं अजून पोर्तुगीज वळणानं मला 'इश्क्रिव्हांव' म्हणतात. तेव्हा माझ्या उपमा माझ्या टेबलावरच्याच असणार, त्याला इलाज नाही. 1872 चा पुरावा कायदा आम्ही आयुष्यभर वापरला. जुलै 2024 पासून त्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला, कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. जुन्या कायद्यातलं 118 वं कलम विचारतं, साक्ष द्यायला पात्र कोण? उत्तर आहे, सगळे. विचारलेलं समजावं आणि त्याला समजेलसं उत्तर देता यावं, एवढं पुरे. कोवळं वय, जर्जर म्हातारपण किंवा आजार यामुळे तेवढीही कुवत नसेल, तरच माणूस अपात्र. शिक्षणाची अट त्या कलमात कुठेही नाही. खून पाहिलेल्या माणसाला 'आधी दंडविधान वाचून ये' असं सांगणारा न्यायाधीश मी पाहिला नाही. मग चित्रपट पाहिलेल्या माणसाला ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

आता अभ्यासकांची बाजू. तिच्यात दम नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल, विशेषतः गोव्यात बसून. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या मातीतल्या, तिथे राहून मी कोणत्या तोंडानं म्हणू की कानाला तालीम लागत नाही? दोघींनी अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घासली ती गळ्याची तालीम. पण ऐकणाऱ्यालाही एक तालीम घडावी लागते. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला विलंबित ख्याल म्हणजे एकच ओळ अर्धा तास घोळवणं वाटतं. पुढे कधीतरी सम आधीच कळू लागते, आणि तीच ओळ दर आवर्तनात वेगळ्या वाटेनं घरी येताना दिसते. गाणं तेच असतं, ऐकणारा मोठा झालेला असतो. सिनेमाचंही असं होतं. माझंच झालं आहे. 'सिटिझन केन' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एका श्रीमंत माणसाच्या भानगडी पाहिल्या, यापलीकडे काही हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेला कोणीतरी सांगितलं म्हणून एका दृश्यात मागे पाहिलं. खोलीत पुढे टेबलाशी आई कागदांवर सही करते आहे, बाप बाजूला उभा राहून हरकत घेतो आहे, आणि पार मागे खिडकीच्या चौकटीत, बर्फात, ज्याचं आयुष्य त्या कागदानं विकलं जातंय तो मुलगा आरडाओरडा करत खेळतो आहे. तिघंही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. त्याला काय म्हणतात, ते कसं साधतात, हे मला सांगावं लागलं, आणि सांगणाऱ्याचं ऋण मी मानतो.

पण त्याच दृश्यातलं दुसरं काही मला कोणी सांगितलं नव्हतं. अल्पवयीन मुलांच्या पालकत्वाच्या कागदांवर सह्या होताना मी अनेकदा पाहिलं आहे. ज्याच्याबद्दल कागद असतो तो खोलीत कधीच नसतो, तो बाहेर व्हरांड्यात खेळत असतो. आणि जो सर्वांत मोठ्यानं हरकत घेतो, त्याच्या हरकतीला रकमेचा आकडा ऐकल्यावर उतार पडतो. केनचा बापही तसाच निवतो. हे मला सिनेमाच्या भाषेनं शिकवलं नाही, न्यायालयाच्या व्हरांड्यानं शिकवलं. त्या व्हरांड्याच्या जोरावर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. हा चित्रपट मला घड्याळासारखा वाटतो. प्रत्येक चाक जागच्या जागी, मी तासन्‌तास न्याहाळू शकतो. पण केननं मरताना उच्चारलेला शब्द म्हणजे त्याच्या लहानपणच्या घसरगाडीचं नाव, हे शेवटी कळल्यावर माझ्या पोटात काहीच हललं नाही. एवढ्या मोठ्या माणसाची किल्ली एवढीशी? हे चूक असेल. तरी माझ्या साक्षीतून ते मी खोडणार नाही.

अभ्यासकांचा दुसरा मुद्दा इतिहासाचा. ते म्हणतात, साध्या प्रेक्षकाच्या मोकळ्या मतांनी जगातल्या मोठमोठ्या चित्रपटांची हुर्यो उडवली आहे. रेन्वारचा 'रूल्स ऑफ द गेम' 1939 साली पॅरिसमध्ये लागला तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. तो कापला गेला, पुढे त्यावर बंदी आली, आणि जवळपास मूळ रूपात जोडून दाखवायला 1959 उजाडलं. अंतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'ची 1960 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात शिट्ट्या मारून टर उडवली. दोनच वर्षांत, 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकानं 1962 साली समीक्षकांचा घेतलेल्या जागतिक कौलात तोच चित्रपट दुसऱ्या क्रमांकावर होता. पहा, मोकळं मत किती घातक!

पहिलं उदाहरण मी मान्य करतो. दुसरं मात्र नीट पहा. कानच्या महोत्सवात ती टर उडवली कोणी? तिथे काही आमच्या गावचा कंडक्टर गेला नव्हता. तिथे असतात ती चित्रपट लिहिणारी, विकणारी, बनवणारी माणसं. म्हणजे ज्यांना सिनेमाची भाषा येत होती त्यांनीच. आपल्याकडचं पहा. 'पथेर पांचाली' 1958 साली न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा तिथल्या सर्वांत वजनदार वृत्तपत्राच्या समीक्षकाला त्याची बांधणी ढिली आणि गती मरगळलेली वाटली. 1980 मध्ये 'मदर इंडिया'ची नायिका नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर भारताचं दारिद्र्य परदेशात विकल्याचा आरोप केला. नर्गिस! पडद्यावर दारिद्र्य कसं दाखवतात हे त्यांच्याहून कोणाला जास्त माहीत होतं? 'राशोमोन'चं चित्रीकरण सुरू व्हायच्या तोंडावर कुरोसावांचे सहायक दिग्दर्शक पटकथा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला यातलं काही कळत नाही. कुरोसावांनीच ते लिहून ठेवलं आहे. पुढे 1951 साली त्या चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. न कळणं ही अडाण्यांची मक्तेदारी नाही. मग तज्ज्ञ चुकला की 'काळाच्या पुढचं होतं' म्हणायचं आणि कंडक्टर चुकला की 'अक्कल नाही' म्हणायचं, हा कुठला न्याय?

कायदा तज्ज्ञालाही मानतो, पण त्याची जागा नेमून देतो. जुन्या कायद्याच्या 45 व्या कलमाखाली हस्ताक्षरतज्ज्ञ येतो, शास्त्रज्ञ येतो, शपथ घेतो, मत देतो. तेही मतच. न्यायाधीश त्याला बांधलेला नाही. उलटतपासणी त्याचीही होते, आणि मी पाहिल्याप्रमाणे साध्या माणसापेक्षा त्याला घाम जास्त फुटतो. तज्ज्ञांच्या मतांना घाम फुटल्याचं सर्वांत मजेदार दफ्तर म्हणजे तोच 'साइट अँड साउंड'चा कौल, दर दहा वर्षांनी होणारा. 1952 साली पहिला आला 'बायसिकल थीव्ह्ज', आणि 'केन' पहिल्या दहांतही नव्हता. 1962 ते 2002 सलग पाच कौलांत 'केन' पहिला. 2012 मध्ये त्याला खाली ओढून 'व्हर्टिगो' बसला, जो 1982 पर्यंत पहिल्या दहांत शिरला नव्हता. 2022 मध्ये शँताल अकरमन यांचा 1975 सालचा 'ज्यान डीलमन' पहिला आला, आधीच्या कौलात पहिल्या दहांत नसलेला. हे मी हिणवायला सांगत नाही. निकाल बदलतात म्हणजे प्रकरण अजून जिवंत आहे, नवे साक्षीदार येताहेत. फक्त एवढंच, की ज्या पीठाचा निकाल असा फिरतो, त्यानं मागच्या रांगेतल्या माणसाला 'हे ठरलेलं आहे' असं सांगू नये.

'ज्यान डीलमन'ची गोष्ट निघालीच आहे तर घरचं सांगतो. तीन तास वीस मिनिटं. एक विधवा बाई, मुलगा शाळेत, घरी ठरल्या वेळी येणारं गिऱ्हाईक. बाकी सगळा वेळ स्वयंपाकघर, बटाटे, भांडी, पलंगावरच्या चादरी. पहिला आलेला चित्रपट म्हणून मुलाकडून मागवला आणि आम्ही नवराबायको पाहायला बसलो. मी तासाभरानं घोरू लागलो. बायको उगाच बसून होती, निदान मला तसं वाटलं. मधेच तिनं मला हलवलं आणि म्हणाली, "अहो, उठा. बटाटे गळून गेले तिचे. आता काहीतरी होणार." मी म्हटलं, बटाट्यांचं काय एवढं? ती म्हणाली, "कालपासून बघतेय, ही बाई खोलीतून बाहेर पडताना दिवासुद्धा मालवायला विसरत नाही. हिचे बटाटे गळतात म्हणजे घर हातातून निसटलंय." पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की त्या बटाट्यांवर जगभरच्या पंडितांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. बायकोनं ते एका वाक्यात सांगितलं होतं, अकरमन कोण हे माहीत नसताना. चाळीस वर्षं चुलीपाशी उभं राहणं हा अभ्यास नव्हे, असं कोणी ठरवलं?

आपल्या पूर्वजांनी तसं ठरवलं नव्हतं. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय नाटकाची सिद्धी कशी ओळखावी ते सांगतो, आणि तिथे वाद पडला तर परीक्षक कोण असावेत याची यादी आहे. तीत व्याकरण जाणणारा आहे, छंद जाणणारा आहे. पण यज्ञकर्म जाणणारा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार आणि वेश्या हेही आहेत. का? कारण पूजेचा प्रसंग खरा वाटला का ते याज्ञिक सांगेल, धनुष्य ओढतानाची उभं राहण्याची ढब बरोबर होती का ते तिरंदाज सांगेल, आणि शृंगाराचा उपचार कुठे खोटा पडला ते त्या बाईइतकं कोणाला कळणार? व्याकरणकाराला ते विचारून काय उपयोग? एकाच माणसात सगळे गुण सापडायचे नाहीत, हे भरतमुनींनाही पटलेलं होतं. तरी आमच्या वाचनालयात परीक्षक एकच, तोही व्याकरणाचा.

आणि गोव्यात तर हे चालूच नये. 'हौशी' हा शब्द इथे कोण हलका मानतो? आमची सगळी मराठी रंगभूमी हौशी माणसांनी उभी केलेली. जत्रेतल्या नाटकात दिवसा शाळेत शिकवणारा मास्तर रात्री संभाजी होतो, पतपेढीतला कारकून औरंगजेब. कला अकादमीच्या स्पर्धेत तालुक्यातालुक्यांतून जी मंडळं उतरतात त्यांच्यात पोटासाठी नाटक करणारे किती? त्यांना कोणी सांगत नाही की आधी नाट्यविद्यालयाचा दाखला आणा. हौशी नट चालतो, हौशी दिग्दर्शक चालतो, हौशी पेटीवाला तर रात्रभर चालतो. मग हौशी प्रेक्षकानंच काय घोडं मारलंय? जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तिठ्यावर जी समीक्षा होते ती ज्यानं ऐकली असेल तो या प्रश्नावर हसेल. 'तुझा संभाजी दुसऱ्या अंकापर्यंत मास्तरच होता, मग राजा झाला' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बोलणारा नारळ पाडणारा पाडेली होता. त्या नटानं ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. मला ठाऊक आहे, कारण तो माझा थोरला भाऊ.

इथवर वाचून मायबाप-तट खूश झाला असेल. त्यांनी आता सावरून बसावं. साक्ष सर्वांना देता येते, पण साक्षीचे नियम असतात. जुन्या कायद्याचं 60 वं कलम म्हणतं, तोंडी पुरावा थेट असला पाहिजे. पाहिलेली गोष्ट असेल तर ज्यानं डोळ्यांनी पाहिली त्यानंच सांगायची. ऐकीव चालत नाही. आमच्या वादात 'जुने चित्रपट कंटाळवाणेच' असं छाती ठोकून सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या रात्री पहिल्या वीस मिनिटांतच मोबाइल काढला होता; चादरीवरच्या उजेडापेक्षा त्यांच्या तोंडावरचा उजेड जास्त होता. त्यांची साक्ष ऐकीव आहे, स्वतःकडूनच ऐकलेली. आणि 134 वं कलम तर या तटानं देवघरात लावावं. एखादी गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. साक्षी तोलायच्या असतात, मोजायच्या नसतात. तीस जणांनी जांभई दिली म्हणून चित्रपट पडत नाही, आणि एकट्या बाईनं बटाटे पाहिले तर ती तिसांना भारी पडू शकते. मोजणीवरच सोडलं असतं तर काय उरलं असतं? आपला पहिला बोलपट 'आलम आरा', 1931 चा. त्याच्यावर लोक तुटून पडले होते, आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. लोकांचं प्रेम खेळ संपल्यावर घरी जातं. डबे सांभाळायला मागे कोणीतरी थांबावं लागतं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली उभं राहिलं आणि पी. के. नायरांसारखा माणूस फुटकळ रिळांच्या मागे देशभर फिरला, ते त्यानं लोकांचं मत विचारलं नाही म्हणून. हा मुद्दा अभ्यासकांचा आहे आणि तो मी बिनशर्त देतो. जतन काय करायचं ते आवडीवर ठरू नये.

मोकळेपणाच्या पुजाऱ्यांबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. त्यांचा मोकळेपणा परक्या देवांपुरताच असतो. ओझू कंटाळवाणा, फेलिनी चक्रम, हे ते एका दमात म्हणतील. पण 'श्यामची आई'? आचार्य अत्र्यांचा चित्रपट, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला. त्याच्याबद्दल जरा काही बोलून पाहा. मी बोलतो. मला तो पाहताना दर दहा मिनिटांनी कोणीतरी माझ्या हातात रुमाल कोंबतोय असं वाटतं. आईच्या कडकपणाचे प्रसंग मला अजून धरून ठेवतात. पण प्रत्येक प्रसंगाच्या शेपटीला जी रडवणूक बांधली आहे ती नसती तर मी जास्त रडलो असतो. झालं, बोललो. आता मला मराठी संस्कृतीचा वैरी ठरवणारेच परवा कंडक्टरच्या मतस्वातंत्र्यासाठी टेबल बडवत होते.

उलट जिथे आपली साक्ष दुसऱ्या कोणाला देताच येणार नाही, तिथे आपण गप्प. श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' 1985 चा. 1961 चा गोवा, लोटलीच्या मारियो मिरांडांच्या घरात चित्रित झालेला. देशभर त्याच्यावर लिहिलं गेलं, बहुतेक चांगलं, आणि चित्रपट आहेही चांगला. पण मडगावकडच्या एका वयस्क ख्रिश्चन बाईंनी तो पाहून मला एवढंच म्हटलं होतं, "घर खरें, उलोवप फट." घर खरं, बोलणं खोटं. सगळे हिंदीत बोलतात म्हणून नव्हे. ते चालून जातं. त्यांचं म्हणणं होतं की तशा घरात मालकिणीशी एक भाषा, चाकरांशी दुसरी, पाद्रीशी तिसरी, आणि भांडण चौथीत व्हायचं; त्या भाषा बदलण्यातच कोण वरचा कोण खालचा ते कळायचं, आणि तेच नेमकं पडद्यावरून गळलंय. दिल्ली-मुंबईच्या कोणत्या समीक्षकाला हे दिसलं असतं? 2004 पासून बहुतेक दर नोव्हेंबरला महोत्सवासाठी जगभरचा सिनेमा पणजीत येऊन बसतो. आपण रांगा लावतो, गळ्यात कार्ड घालून मिरवतो, आणि बाहेर येऊन परक्यांनी काय म्हटलं ते एकमेकांना सांगतो. बाईंचं ते वाक्य कुठे छापून आलं नाही.

आमच्याच भाषेतल्या एका मोठ्या चित्रपटानं या वादाचं उत्तर 1936 सालीच देऊन ठेवलं आहे, असं मला हल्ली वाटू लागलंय. प्रभातचा 'संत तुकाराम'. तुकोबांच्या कवितेवर त्यात अधिकारवाणीनं कोण बोलतो? एकीकडे अभंग चोरून स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो, दुसरीकडे शूद्रानं लिहावंच का म्हणणारे शास्त्री. दोघांनाही छंद कळतो. आणि घरात तुकोबांची बायको जिजाई, म्हणजे आवली. तिला काव्यातलं ओ की ठो कळत नाही. तिला कळतं की पोर आजारी आहे आणि घरात दाणा नाही. ती पायातली वहाण हातात घेऊन देवळात शिरते, त्या विठ्ठलाला जाब विचारायला. चित्रपट तिला हसत नाही, आणि तिला शहाणीही ठरवत नाही. तो तिचं पुरतं ऐकून घेतो. तुकोबांची थोरवी मला विमानापेक्षा तिथे जास्त पटते, कारण तिचं सगळं म्हणणं खरं असूनही ते उरतात. व्हेनिसच्या परीक्षकांना 1937 साली त्यात काय दिसलं असेल ते असो. माझ्या आजीला त्यात जिजाईच दिसत होती, आणि ती चित्रपटाला 'तुकाराम' न म्हणता 'आवलीचो पिक्चर' म्हणायची.

आता राहिलेली साक्ष. त्या रात्री पाऊस थांबेना म्हणून मी आणि कंडक्टर वाचनालयाच्या ओट्यावर उभे होतो. मी विचारलं, लवकर का संपवायला हवा होता? तो म्हणाला, "पणजी-काणकोण जाता तितल्या वेळांत." तितक्या वेळात पणजीहून काणकोण येतं. मग थांबून स्वतःहून बोलू लागला. त्या चित्रपटात म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला येतात. डॉक्टर मुलाला पेशंट, मुलीला तिचं दुकान, कोणाला सवड नाही. त्यांना शहर दाखवायला नेते ती लढाईत मेलेल्या मुलाची विधवा बायको, कचेरीतून रजा काढून. पर्यटकांच्या बसमध्ये तिघं बसतात, बस उसळते, सगळे एकदम उसळतात. वाचनालयभर लोक हसले होते त्या दृश्याला. कंडक्टर म्हणाला, "हांवें तीस वर्सां तेंच पळयलां." तीस वर्षं मी तेच पाहिलंय. म्हाताऱ्यांना बसमध्ये चढवून देणारे मुलगे तो रोज पाहायचा, तिकीट काढतात, पिशवी वर देतात, 'सांभाळून' म्हणतात आणि बस हलायच्या आत वळतात. शेजारी बसून येणारी बहुधा सून असते, किंवा शेजारीण, किंवा कोणीच नसतं. बसमध्ये सख्खं कोण ते रक्तावरून कळत नाही, म्हणाला, उतरताना हात कोण देतो त्यावरून कळतं. आणि अंत्यविधी होऊन पुरता दिवस उलटला नाही तोच मुलगी आईच्या कपड्यांची मागणी करते, तिथे त्याला त्याची स्वतःची बहीण आठवली. ते त्यानं सविस्तर सांगितलं, मी लिहीत नाही. शेवटी म्हणाला, एवढं सगळं मला बसच्या दृश्यातच कळलं होतं, म्हणून म्हटलं, लवकर संपवायला हवा होता.

मला अजूनही वाटतं की त्याचं ते शेवटचं वाक्य चुकीचं आहे. ओझूनं उरलेला वेळ वाया घालवलेला नाही, आणि त्या विषयावर मी त्याच्याशी तासभर भांडायला तयार आहे. पण भांडायला समोर काहीतरी यावं लागतं. 'सिनेमाची भाषा शिका' या वाक्यानंतर समोर काहीच येत नाही, एक माणूस गुपचूप छत्री उघडतो एवढंच.

पुढच्या महिन्यात 'सेव्हन सामुराय' लावायचा ठरला आहे. कंडक्टर परवा बाजारात भेटला तेव्हा मी आमंत्रण दिलं. त्यानं विचारलं, किती वेळाचा? म्हटलं, तीन तास सत्तावीस मिनिटं. त्यानं मनात हिशेब केला.

"पणजी-बेळगांव," तो म्हणाला, "चोर्ला घाटांतल्यान. मदीं खंय रावता?"

म्हटलं, मध्ये थांबतो. दिग्दर्शकानं स्वतःच मध्यंतर ठेवलंय.

"मागीर येतां," म्हणाला, मग येतो, आणि माझ्या पिशवीतले बांगडे काय भावानं घेतले ते विचारू लागला.